कर्जदाराचा सर्व्हर बंद पडला तर हप्त्याचं काय? ही जोखीम प्रपोजलमध्ये कशी मोजायची

दहा तारीख उलटली तरी एका कर्जदाराचं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचं दर महिन्याचं पत्रक, बँकेत आलं नाही, म्हणून मी फोन लावला. सात वर्षांचं खातं, एकदाही उशीर नाही. पलीकडून मालक म्हणाले, "साहेब, सर्व्हर लॉक झालाय. काहीच उघडत नाही."

दुसऱ्या दिवशी युनिटवर गेलो. सीएनसी मशिनं चालू होती, कामगार हजर होते, तयार माल क्रेटमध्ये भरून गेटपाशी आला होता आणि गाडी रिकामी उभी होती. बिल निघत नव्हतं. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती त्याच सर्व्हरला रात्रंदिवस जोडलेली. सर्व्हरबरोबर तिच्यातल्या फायलीही लॉक झाल्या होत्या.

बँकेत परतल्यावर त्या खात्याची अप्रेझल नोट, म्हणजे कर्ज मंजूर करण्याआधीच्या तपासणीचं टिपण, काढली. जनरेटर किती केव्हीएचा, आग विझवायची साधनं कुठे, विमा कितीचा, सगळं त्यात होतं. कॉम्प्युटरबद्दल एक ओळ नव्हती. ती नोट मीच लिहिली होती.

तेव्हापासून प्रत्येक प्रपोजलमध्ये मी हा भाग वेगळा तपासतो. शाखेत किंवा नागरी सहकारी बँकेत कर्जविभाग सांभाळणाऱ्यांसाठी ती पद्धत इथे सविस्तर देतोय. लघुउद्योजकांनीही वाचावी, कारण हे प्रश्न उद्या त्यांना विचारले जाणार आहेत.

आधी एवढं ध्यानात घ्या

यासाठी तुम्ही कॉम्प्युटरचे जाणकार असायची गरज नाही. व्हायरस कोणता, फायरवॉल कुठली, हे त्यांचं ते बघतील. आपल्याला दिवस मोजायचे आहेत. कॉम्प्युटरशिवाय धंदा किती दिवस चालेल, सिस्टीम परत उभी राहायला किती दिवस लागतील आणि मधल्या काळात खात्यात पैसा पुरेल का, एवढंच.

सिस्टीम बंद पडली की कर्ज तीन वाटांनी अडचणीत येतं. माल बाहेर जात नाही, ही पहिली वाट. कोणाकडून किती यायचं हे कळत नाही म्हणून वसुली थांबते, ही दुसरी. आणि बँकेपुढे ठेवायला आकडेच उरत नाहीत, ही तिसरी. पहिल्या दोन्ही कोणालाही सुचतात, तिसरी आपल्याकडून हमखास सुटते.

त्या तिसऱ्या वाटेने काय होतं ते इंग्लंडमध्ये दिसलं. केटरिंगची केएनपी लॉजिस्टिक्स ही १५८ वर्षांचा वारसा असलेली वाहतूक कंपनी, सुमारे ५०० ट्रक बाळगून होती. जून २०२३ मध्ये तिच्या सिस्टीमवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला. ट्रक कसेबसे चालत राहिले, पण आर्थिक माहितीच हाती राहिली नाही, त्यामुळे नवं भांडवल आणि कर्ज उभं करता आलं नाही. सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि सुमारे ७३० लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांच्याकडे सायबर विमासुद्धा होता.

आपल्याकडे हाच धोका अगदी साध्या नियमातून येतो. कॅश क्रेडिट या फिरत्या कर्जातून किती उचलता येईल, म्हणजे त्याची ड्रॉइंग पॉवर, हे स्टॉक स्टेटमेंटवर ठरतं. स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं झालं की त्यावर दिलेली उचल अनियमित धरली जाते, आणि अशी उचल सलग ९० दिवस चालली की खातं एनपीए, म्हणजे थकीत. म्हणजे कारखाना चालू आहे, गिऱ्हाईक पैसे देतंय, तरी केवळ आकडे बनत नाहीत म्हणून खातं घसरू शकतं. शिवाय बुक डेट्सवरचा, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायच्या पैशांवरचा, आपला बोजा उभा असतो तो कर्जदाराच्या वहीवर. वहीच नसेल तर कोणाकडून काय वसूल करायचं, हे बँकेलाही दाखवता येणार नाही.

पायरी १ : एका ऑर्डरच्या मागे चालत जा

युनिट व्हिजिटमध्ये मालकाच्या केबिनमध्ये चहा घेऊन परत येऊ नका. डिस्पॅच क्लार्कच्या शेजारी अर्धा तास बसा. एक ऑर्डर निवडा आणि ती कशी येते, जॉब कार्ड कोण काढतं, माल कसा निघतो, बिल कसं होतं, पैसे आल्याची नोंद कुठे पडते, हे सगळं डोळ्यांनी बघा. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारा : "आत्ता हा कॉम्प्युटर बंद पडला तर पुढे काय कराल?"

उत्तराआधी चेहराच बरंच सांगतो. एका ठिकाणी क्लार्कने खणातून छापील डिलिव्हरी चलनाचं पुस्तक काढून दाखवलं. कार्बन घातलेला होता, मागच्या महिन्यात लाइट गेली तेव्हाची तीन पानं फाडलेली होती. त्या युनिटची मला काळजी वाटली नाही. दुसरीकडे क्लार्क म्हणाला, "मग आम्ही सॉफ्टवेअरवाल्याला फोन करतो." त्याचा नंबर कुठे आहे विचारलं, तर कॉम्प्युटरमध्ये.

ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं आहे. त्यामुळे कागदी चलन एकटं पुरत नाही. पण पोर्टलवर थेट जाऊन हातानेही ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल काढता येतं. तर विचारा, हे कोणाला येतं? लॉगिनचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? तो अकाउंटंट गावाला गेला असेल तर? या तीन प्रश्नांची उत्तरं नोटमध्ये नावानिशी लिहा.

हे बघताना धंद्याचा प्रकार लक्षात घ्या. दोनच मोठ्या वाहन कंपन्यांना माल देणाऱ्या पुरवठादाराचा डेटा गेला तरी त्याची येणी कंपनीच्या सिस्टीममध्ये नोंदलेली असतात, तारखेला पैसे येतात. औषधांचा किंवा किराण्याचा होलसेलर वेगळा. दोनशे दुकानदारांची उधारी त्याच्या एका कॉम्प्युटरमध्ये असते, आणि त्यातले सगळेच आपणहून बाकी सांगतील असं नाही. उलाढाल सारखी असली तरी ही दोन खाती एका तागडीत घालू नका.

पायरी २ : बॅकअप आहे का विचारू नका, उघडून दाखवायला सांगा

"बॅकअप घेता का?" या प्रश्नाला आजवर कोणी मला नाही म्हटलेलं नाही. म्हणून मी असं म्हणतो : "मागच्या मार्चमधलं कुठलंही एक बिल मला बॅकअपमधून काढून दाखवा. या कॉम्प्युटरवर नको, दुसऱ्यावर."

यात चार-पाच गोष्टी एकदम उघड्या पडतात. बॅकअप आहे पण आठ महिन्यांपूर्वीचा. पेनड्राइव्ह सर्व्हरखालच्याच खणात, म्हणजे आग लागली किंवा पाणी शिरलं तर दोन्ही गेले. बॅकअप क्लाउडवर, पण पासवर्ड सोडून गेलेल्या मुलाकडे. फाइल आहे, पण सॉफ्टवेअरचं लायसन्स दुसऱ्या मशीनवर चालत नाही. एका बिलासाठी तासभर लागला तरी थांबा. तो तास प्रपोजलमधल्या चार रेशोंपेक्षा जास्त सांगतो.

डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक जागेबाहेर, हा जगभर मानलेला साधा नियम आहे. लहान युनिटला तो परवडतो. रोज संध्याकाळी काढून घरी नेलेली एक हार्ड डिस्क आणि क्लाउडवरची एक प्रत एवढ्याने काम भागतं. डिस्क काम झालं की काढून ठेवायची, ही यातली सगळ्यात महत्त्वाची सवय.

कर्जदार कंपनी असेल तर ऑडिट रिपोर्ट नीट वाचा. ऑगस्ट २०२२ पासून कंपन्यांना हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय बदललं याची नोंदही लागते. ऑडिटर यावर आपलं म्हणणं बहुधा रिपोर्टच्या शेवटी, इतर कायदेशीर बाबींखाली लिहितो. आपण ताळेबंद बघून पान मिटतो, त्यामुळे ते वाचायचं राहतं. भागीदारी आणि प्रोप्रायटरीला हा नियम लागू नाही, तिथे तुमची व्हिजिट हीच तपासणी.

पायरी ३ : पैशाचा खड्डा कधी पडतो, ते काढा

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे अनुभवी माणसंही चुकतात. आपण सिस्टीम बंद पडली त्या आठवड्यात खातं बघतो, उलाढाल ठीक दिसते आणि निश्चिंत होतो.

समजण्यासाठी एक काल्पनिक युनिट घेऊ. जीएसटी बाजूला ठेवू. महिन्याची विक्री १ कोटी, कच्चा माल ६० लाख, पगार-वीज-हप्ता-व्याज मिळून ३४ लाख. गिऱ्हाईक ६० दिवसांनी पैसे देतं, पुरवठादाराला ४५ दिवसांनी द्यायचे. कॅश क्रेडिट लिमिट २ कोटी, वापर १ कोटी ८० लाख, वेगळी ५ लाखांची एफडी. म्हणजे लिमिटमधले उरलेले २० लाख आणि एफडी मिळून एकूण उसंत २५ लाखांची.

आता सिस्टीम १५ दिवस बंद. उत्पादन थांबलं, विक्री नाही, खरेदीही नाही.

उधारीची यादी शाबूत असेल तर त्या १५ दिवसांत काहीच बिघडत नाही. दोन महिन्यांपूर्वीच्या बिलांचे ५० लाख येत राहतात, जुन्या खरेदीचे ३० लाख जातात, पगार होतात. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर तर खातं आणखी सुधारल्यासारखं दिसतं, कारण न केलेल्या खरेदीचे ३० लाख द्यावे लागत नाहीत. खड्डा पडतो तो साठाव्या ते पंच्याहत्तराव्या दिवसात. जो माल गेलाच नव्हता त्याचे ५० लाख तेव्हा येत नाहीत. निव्वळ फरक २० लाखांचा. वापर १ कोटी ८० लाखांवरून २ कोटींवर जातो. त्यात नवा सर्व्हर, डेटा काढणाऱ्याची फी आणि ओव्हरटाइम मिळून ५ लाख धरा, की एफडी मोडावी लागली. हे युनिट जेमतेम तरलं. महिना बंद राहिलं असतं तर तरलं नसतं.

आता उधारीची यादीही गेली असं समजा. वसुली थांबली, पण पुरवठादाराचे ३० लाख आणि पगार वगैरेंचे १७ लाख त्या पंधरवड्यात द्यायचेच आहेत. म्हणजे दिवसाला तीन लाखांच्या वर. २५ लाखांची उसंत आठव्या दिवशी संपते.

तेच युनिट, तीच लिमिट. फरक एका फायलीचा. तुमच्या कर्जदाराचे खरे आकडे घालून हे दोन्ही तक्ते करा. एका कागदावर अर्ध्या तासात होतात आणि कर्ज समितीपुढे कोणालाही समजतात.

पायरी ४ : कर्जदाराचा कॉम्प्युटर ठीक, पण गिऱ्हाइकाचा?

जॅग्वार लँड रोव्हर ही टाटा समूहातली ब्रिटिश मोटार कंपनी. सायबर हल्ल्यानंतर सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीपासून तिचं उत्पादन बंद झालं आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात टप्प्याटप्प्याने सुरू झालं. पाच आठवडे. तिथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेचं नुकसान सुमारे १९० कोटी पौंड धरलं आणि ५,००० हून जास्त संस्थांना झळ लागल्याचं म्हटलं. ब्रिटिश सरकारने १५० कोटी पौंडांच्या कर्जाला हमी दिली. पुरवठादार तगावेत म्हणून कंपनीला ऑर्डरच्या वेळीच बरीच रक्कम आगाऊ द्यायची व्यवस्था करावी लागली.

चाकण, वाळूज, अंबड, गोकुळ शिरगाव इथे सुटे भाग बनवणाऱ्यांना कर्ज देणाऱ्या प्रत्येकाने या घटनेकडे आपलं घर समजून बघावं. कर्जदाराची विक्री एकाच कंपनीकडे ४० टक्क्यांच्या वर जात असेल, तर मी वरचा तक्ता त्या कंपनीचं उत्पादन ३५ दिवस बंद धरून पुन्हा करतो. या वेळी कर्जदाराने काही चुकीचं केलेलं नसतं, म्हणून त्याला दोष देण्याऐवजी उसंत किती हवी ते ठरवायचं.

निर्यातदाराच्या बाबतीत बंदरही धरा. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या व्हायरसच्या हल्ल्यात मर्स्क हा जहाज वाहतूक समूह सापडला, तेव्हा न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं त्याच्याच गेटवे टर्मिनल्सचं कामही विस्कळीत झालं होतं. माल तयार, कंटेनर भरलेला, पण बोटीवर चढत नाही आणि पॅकिंग क्रेडिटचे, म्हणजे निर्यातीआधी घेतलेल्या कर्जाचे, दिवस मोजले जातायत, अशी ती वेळ. मुदत देताना थोडी सैल ठेवा.

पायरी ५ : विमा

थोडक्यात सांगतो. आगीच्या पॉलिसीला जोडलेलं नफा-नुकसानाचं कव्हर साधारणपणे मालमत्तेचं प्रत्यक्ष नुकसान झालं तरच लागू होतं. सर्व्हर जागेवर आहे आणि डेटा लॉक झालाय, तर त्यातून पैसे मिळतील असं धरू नका. सायबर पॉलिसी असेल तर धंदा बंद राहिल्याचं नुकसान त्यात आहे का, पहिले किती तास वगळलेत आणि रक्कम तुमच्या तक्त्यातला खड्डा भरते का, एवढं वाचा. दाव्याचे पैसे यायला वेळ लागतो, म्हणून विम्याची रक्कम उसंतीत कधीही मिळवू नका.

पायरी ६ : नोटमध्ये काय लिहायचं, अटी कोणत्या घालायच्या

मी चारच ओळी लिहितो. धंदा कॉम्प्युटरशिवाय किती दिवस चालेल, परत उभा राहायला किती दिवस लागतील, उसंत किती दिवसांची, आणि बॅकअप मी स्वतः कोणत्या तारखेला उघडून पाहिला. परत उभं राहायचे दिवस उसंतीपेक्षा जास्त असतील तर तो कच्चा दुवा आहे, हे शब्दात लिहायचं.

मोठ्या कर्जदारांच्या पतमापनातही हे आता उतरलंय. मे २०१९ मध्ये मूडीज या पतमापन संस्थेने इक्विफॅक्स या अमेरिकी क्रेडिट ब्युरोचा आउटलुक, म्हणजे पुढच्या पतीचा अंदाज, स्टेबलवरून निगेटिव्ह केला, त्यामागे २०१७ च्या डेटा चोरीचा खर्च होता. लहान खात्याला मात्र एवढ्यावरून व्याजदर वाढवू नये, असं माझं ठाम मत आहे. वाढीव व्याजाने बॅकअप होत नाही. त्याऐवजी सँक्शनमध्ये अट घाला : ६० दिवसांत जागेबाहेर दुसरी प्रत, दर सहा महिन्यांनी बॅकअप उघडून बघितल्याचं मालकाच्या सहीचं पत्र, आणि दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटबरोबर येण्यांची नावं आणि बिल नंबरांसकट पूर्ण यादी. ही यादी बँकेकडे असली की कर्जदाराची उधारीची वही आपोआप दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित राहते. खर्च शून्य. अडकलेल्या एका होलसेलरला माझ्याकडची अशीच यादी प्रिंट काढून दिली होती, त्यावर त्याने वसुली सुरू केली.

यात नवीन असं काही नाही. वाय-टू-के च्या वेळी, म्हणजे सन २००० उजाडताच तारखेच्या घोळाने कॉम्प्युटर बंद पडतील अशी भीती होती तेव्हा, अमेरिकेतल्या बँक नियामकांच्या परिषदेने बँकांना सांगितलं होतं, की ३० जून १९९८ पर्यंत कर्जदारांची तयारी तपासण्याची पद्धत बसवा आणि ३० सप्टेंबरपर्यंत तपासणी बहुतेक पुरी करा. तेव्हा संकटाची तारीख आधीच ठाऊक होती. आता ती ठाऊक नसते, म्हणून तपासणी प्रत्येक रिन्यूअलला हवी.

पायरी ७ : प्रत्यक्ष घडलं तर

फोन आला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा. लिमिट गोठवायची घाई करू नका, पगार थांबले की कुशल कामगार शेजारच्या प्लॉटमध्ये जातो आणि मग सिस्टीम परत येऊनही उपयोग नसतो. मात्र प्रत्यक्ष स्टॉक मोजून घ्या आणि त्यावर मालकाची सही घ्या. तेच हंगामी स्टेटमेंट म्हणून फाइलला लागतं. अशा घटनांची माहिती सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवावी लागते, हे कर्जदाराला सांगा, बहुतेकांना ठाऊक नसतं.

मग वही परत उभी करायला मदत करा. घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही, की त्याच्या धंद्याच्या बऱ्याच नोंदी दुसरीकडे आहेत. नोंदणीकृत गिऱ्हाइकांची बिलं जीएसटीआर-१ या जीएसटीच्या विक्री विवरणपत्रात बिलवार असतात. खरेदी जीएसटीआर-२बी मध्ये दिसते. आलेले-गेलेले पैसे आपल्याच बँकेच्या स्टेटमेंटमध्ये. या तिन्ही गोष्टी समोर ठेवल्या की एक चांगला अकाउंटंट येण्यांचा मोठा भाग परत जुळवतो. राहतो तो किरकोळ गिऱ्हाइकांचा आणि चालू महिन्याचा, अजून न भरलेला भाग. तिथे चलनाच्या कार्बन प्रती आणि ड्रायव्हरची डायरीसुद्धा कामाला येते.

ॲड-हॉक, म्हणजे तात्पुरती जादा, लिमिट द्यायची वेळ आली तर पायरी ३ मधल्या तक्त्यावरून द्या. ती तीस दिवसांची दिली तर खड्डा पडायच्या आधीच परत मागावी लागेल. वरच्या उदाहरणात ती पंच्याहत्तराव्या दिवसाच्या पुढे जायला हवी. आणि घटनेच्या तारखेपासून साठ दिवस मोजून त्या पानावर डायरीत खूण करा, त्या आठवड्यात कर्जदाराला आपणहून फोन लावा. तोवर तो धावपळीत सगळं विसरलेला असतो आणि पुढच्या पंधरवड्यात पैसे कमी येणार आहेत हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.